गाणं कुणाचं, नाव कुणाचं?

जात्यावर, शेतात, लग्नात आपण गातो. त्या गाण्यांवर कुणाचं नाव नसतं आणि त्याचे पैसेही कुणी मागत नाही. पण गाणं बाजारात आलं, तिकिटावर आणि तबकडीवर विकलं जाऊ लागलं, की प्रश्न उभा राहतो. नाव कुणाचं आणि पैसा कुणाचा? हिंदी सिनेमाच्या सुरुवातीच्या काळात हाच प्रश्न गाणाऱ्या बायकांपुढे होता. आज त्यांची गोष्ट सांगते.

सुरुवातीला तर पडद्यावर बाईच नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा राणी तारामतीच्या कामाला बाई मिळेना. सिनेमात काम करणं इज्जतीचं मानत नसत. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून तारामती झाले. याच साळुंक्यांनी पुढे 1917 मध्ये ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं केली! पण ‘राजा हरिश्चंद्र’नंतर लगेच फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ काढला, त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. आपल्या सिनेमात पहिलं पाऊल टाकलं ते या मायलेकींनी.

तोवर सिनेमा मुका होता. तो बोलायला लागला 14 मार्च 1931 ला. मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. त्याची नायिका होती जुबेदा. या सिनेमात सात गाणी होती. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘इंद्रसभा’त तर सत्तरच्या आसपास गाणी होती. लोकांना गाण्याची केवढी भूक होती बघा.

पण त्या काळी गाणं भरायचं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. आज गायिका आधी गाऊन ठेवते आणि नटी नंतर ओठ हलवते. तेव्हा तसं नव्हतं. कॅमेरा आणि आवाज एकाच वेळी चालायचा. माइक कुठेतरी लपवायचा, तबला-पेटीवाल्यांना कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असं बसवायचं आणि नटीने अभिनय करता करता गायचं. एक सूर चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ‘आलम आरा’च्या स्टुडिओजवळून तर रेल्वे जायची, म्हणून गाड्यांचा आवाज टाळायला रात्री काम चालायचं. त्यामुळे नुसता देखणा चेहरा चालत नसे, गळाही लागायचा. 1932 मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने हरिश्चंद्राचीच गोष्ट मराठीत आणि हिंदीत काढली. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे आणि गाणीही त्यांनीच गायली. जिथे एकोणीस वर्षांपूर्वी पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं होतं, तिथे आता बाई स्वतःच्या आवाजात गात होती.

प्रभात कंपनी पुढे पुण्याला आली आणि तिथली मोठी गायिका-नटी म्हणजे शांता आपटे. 1937 चा ‘कुंकू’ आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिला असेल. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ नावाने लागला. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधलेली तरुण मुलगी नीरा हे लग्न मानतच नाही, अशी ती गोष्ट. शांताबाई पडद्याबाहेरही तशाच निघाल्या. 1939 मध्ये पगार आणि करारावरून कंपनीशी त्यांचा वाद झाला, तेव्हा त्या कंपनीच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. एवढी नावाजलेली नटी दारात उपाशी बसलीय, म्हटल्यावर वर्तमानपत्रांत केवढा गाजावाजा झाला! पुढच्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. सिनेमातलं काम हेसुद्धा कष्टाचं काम आहे आणि तिथेही राबवून घेणारे असतात, हे त्यांनी उघड मांडलं.

मधल्या काळात तंत्र बदललं. 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’ काढला आणि त्यात पार्श्वगायन आलं. पार्श्वगायन म्हणजे गाणारी पडद्यामागे आणि दिसणारी पडद्यावर. यामुळे ज्यांना पडद्यावर यायचं नव्हतं, अशा कितीतरी गळ्यांना काम मिळालं. जोहराबाई अंबालेवाली, अमीरबाई कर्नाटकी, शमशाद बेगम यांचे आवाज घराघरांत गेले. पण एक तोटाही झाला. आवाज आणि चेहरा वेगळे झाले, तसं गाणारीचं नाव मागे पडलं. तबकडीवर कित्येकदा गायिकेच्या नावाऐवजी सिनेमातल्या पात्राचंच नाव छापत.

याचं मोठं उदाहरण म्हणजे 1949 चा ‘महल’. पडद्यावर मधुबाला, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातलं ‘आएगा आनेवाला’ लांबून जवळ येत गेल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यासाठी गायिकेला माइकपासून लांब उभं केलं आणि गात गात जवळ यायला सांगितलं. गाणं तुफान चाललं. पण तबकडीवर नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. ही गाणारी कोण, अशी विचारणा करणारी पत्रं श्रोत्यांनी रेडिओला पाठवली आणि मग लता मंगेशकर हे नाव रेडिओवरून सांगितलं गेलं.

लतादीदी तिथे थांबल्या नाहीत. फिल्मफेअरच्या बक्षिसांत सुरुवातीला गायकांसाठी बक्षीसच नव्हतं. ‘चोरी चोरी’च्या संगीताला बक्षीस मिळालं, तेव्हा त्यातलं गाणं समारंभात गायला त्यांनी नकार दिला. जिथे गायकाला मान नाही, तिथे गायचं कशाला? 1959 पासून गायनाचं बक्षीस सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं. पुढे त्यांनी रॉयल्टी मागितली. रॉयल्टी म्हणजे गाणं जितक्या वेळा विकलं जाईल, त्यातला काही हिस्सा. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं. गायचे पैसे घेतले की व्यवहार संपला, असं ते म्हणत. यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. शेवटी 2012 मध्ये कायद्यात बदल झाला आणि गायकांच्या रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला. ‘आलम आरा’पासून मोजलं तर एक्याऐंशी वर्षं झाली होती.

मैत्रिणींनो, रफीसाहेब आणि लतादीदींचा हा वाद आपल्या गटांचाही आहे. आपण लाटलेले पापड व्यापारी स्वतःच्या पाकिटात भरून विकतो. आपल्याला किलोमागे मजुरी मिळाली की व्यवहार संपला का? की पाकिटावर गटाचं नाव हवं आणि नफ्यात हिस्साही हवा? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. रोख मजुरी आज हातात पडते, हिस्सा उद्या मिळतो आणि कधी बुडतोही. पण काय ठरलं ते कागदावर असावं, ऑर्डर घेण्याआधी वाचलेलं असावं आणि त्याखाली अध्यक्ष-सचिवांची सही असावी. शांताबाईंसारख्या नावाजलेल्या नटीलाही करारासाठी फाटकापाशी बसावं लागलं, मग आपण तोंडी शब्दावर किती दिवस राहायचं?

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा विषय काढा. आणि रेडिओवर एखादं जुनं गाणं आवडलं, तर ते कुणी गायलं तेही विचारा. ‘महल’च्या वेळी श्रोत्यांनी विचारलं, म्हणून तर नाव कळलं.