लाल चिखल, ओले डांबर आणि टायरची निवड

डिचोली शहरातून निघालेल्या दुचाकीस्वाराला अल्पावधीत तीन तऱ्हेचे रस्ते भेटतात. साखळी, पर्ये, केरी करीत चोर्ला घाटाकडे चढणारे वळणांचे डांबर, लाटंबार्सेमार्गे दोडामार्ग ओलांडून तिळारीकडे जाताना आडवाटांवर लागणारी उखडलेली खडी आणि खाणपट्ट्यालगतची लाल माती. हिमालयन, एक्सपल्स किंवा केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर यांसारख्या गाड्या अशा मिश्र वाटांसाठीच बनविल्या आहेत. मात्र गाडी कितीही सक्षम असली तरी रस्त्याला टेकतो तो टायरचा तळहाताएवढा भाग, आणि त्याची निवड बहुतेक वेळा दिसण्यावरून होते.

गॅरेजमध्ये ज्याला ‘बटण टायर’ म्हणतात, तो सुट्या, उंच ठोकळ्यांचा टायर रुबाबदार दिसतो यात शंका नाही. त्याचे काम समजून घेतले की मर्यादाही उमगतात. मऊ मातीत पकड मिळते ती ठोकळ्यांच्या कडा जमिनीत रुतल्याने, आणि ठोकळ्यांमधील मोकळ्या जागेतून चिखल बाहेर फेकला गेल्याने. डांबरात काहीच रुतत नाही. तेथे पकड देते ते रस्त्याला चिकटून राहणारे रबर. मोकळी जागा जितकी अधिक, तितके टेकणारे रबर कमी. शिवाय जोरात ब्रेक लावताना किंवा वळणावर गाडी कलती करताना उंच ठोकळे वाकतात आणि गाडी डळमळल्यासारखी वाटते. रस्ता ओला असेल तर ही उणीव अधिकच जाणवते.

डिचोली तालुक्यात हा मुद्दा केवळ तांत्रिक राहत नाही. २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बंद पडलेल्या खाणींपैकी डिचोलीच्या खाणपट्ट्यात २०२४ मध्ये पुन्हा काम सुरू झाले. ट्रकांच्या चाकांबरोबर येणारी बारीक माती डांबरावर पसरते आणि पहिल्या सरींबरोबर तिचा पातळ, तांबूस राबडा होतो. येथील खरा धोका बहुधा हाच आहे. खोल चिखल समोर दिसतो, म्हणून स्वार आपोआप वेग कमी करतो. हा थर मात्र साध्या ओल्या डांबरासारखा भासतो. त्यात ठोकळे रुतण्याइतकी खोली नसते आणि गुळगुळीत टायरला खालचे डांबर सापडत नाही. मध्यम खोलीच्या, परस्परांना जोडलेल्या खाचांचा आणि ओल्या रस्त्यासाठी बनविलेल्या रबराचा टायर येथे तुलनेने बरा. अर्थात, वेगावर ताबा हवाच.

टायरच्या जाहिरातीत ७०-३० किंवा ५०-५० असे आकडे असतात. पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्या वाटेचा. हे प्रमाण कंपन्या आपापल्या अंदाजाने ठरवितात. दोन कंपन्यांचे ५०-५० सारखेच असतील असे नाही. त्याऐवजी स्वाराने आपल्याच महिनाभराच्या प्रवासाचा प्रामाणिक हिशेब मांडावा. रोज पणजीला नोकरीसाठी जाणारा आणि रविवारी तासभर मातीत उतरणारा माणूस ९०-१० च्या जवळपासच असतो, मग त्याच्या मनातला प्रवास लडाखचा का असेना. त्याने ८०-२० वा ७०-३० घ्यावा. ज्यांचे घर, बागायत किंवा काम कच्च्या वाटेवरच आहे, त्यांनी ५०-५० चा विचार करावा. तो डांबरावर लवकर झिजतो, आवाज करतो, हे गृहीत धरूनच.

टायरचे माप मात्र बदलू नये. हिमालयन ४५० च्या पुढील चाकाचे माप ९०/९०-२१, तर मागील चाकाचे १४०/८०-१७ आहे. पहिली संख्या मिलिमीटरमधील रुंदी, दुसरी रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी आणि तिसरी रिमचा इंचांमधील व्यास. त्यापुढे भारक्षमतेचा अंक व कमाल वेगाचे अक्षर असते. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर. बाजूवरील चार अंकी शिक्क्यात उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर घेताना हा शिक्का आधी पाहावा.

तारांच्या चाकांत अनेकदा ट्यूब असते. मातीत पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याची पद्धत आहे, परंतु खडीवर हवा फार कमी असली तर ट्यूब रिम आणि दगडात चिमटून फाटते. डांबरावर परतताच दाब पूर्ववत करावा लागतो, म्हणून लहान पंप सोबत हवा. मागील टायर आधी झिजतो आणि अनेकजण तेवढाच बदलतात. झिजलेला पुढचा टायर अधिक घातक, कारण पुढचे चाक घसरले की सावरायला वेळ उरत नाही.

नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला निसरडा असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर सावकाश चालवून तो रुळू द्यावा लागतो. जूनची वाट न पाहता मे महिन्यातच टायर बसविला, तर हे अंतर कोरड्या रस्त्यावर सरते.