गोणपाटाचा चित्रकार

साखरेच्या एका रिकाम्या पोत्यावर अमेरिकी झेंड्याचे तारे आणि पट्टे छापलेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेहून इटलीत मदत येत होती, त्यातलंच ते पोतं. १९४९ साली अल्बेर्तो बुरी यांनी त्याचा तुकडा थेट चित्रात घेतला. चित्राचं नाव ‘एसझेड १’, म्हणजे साखरेचं पोतं क्रमांक एक. पोत्याचं चित्र काढायचं नाही, पोतंच लावायचं, असा त्यांचा साधा निर्णय होता.

बुरी मूळचे डॉक्टर. १९१५ साली चित्ता दि कास्तेल्लो या गावी जन्म, पेरुजाला वैद्यकीय शिक्षण, मग सैन्यात नोकरी. १९४३ मध्ये ते ट्युनिशियात पकडले गेले आणि त्यांची रवानगी अमेरिकेत, टेक्ससमधल्या हेरफर्डच्या युद्धकैदी छावणीत झाली. चित्रं काढायला सुरुवात झाली ती तिथे. १९४६ मध्ये मायदेशी परतल्यावर ते रोममध्ये राहिले. वैद्यकी कायमची सुटली.

पुढच्या काही वर्षांत ‘साक्की’ ही चित्रमाला उभी राहिली. ‘साक्की’ म्हणजे पोती. जुनं, विटलेलं, ठिगळं लावलेलं गोणपाट ते निवडत. कुठे दाभणाने घालावेत तसे ढोबळ टाके, कुठे उसवलेली शिवण, आणि भोकातून आत दिसणारा काळा किंवा लालभडक रंग. साहजिकच पाहणाऱ्याला जखम आठवते, रणांगणावरचा डॉक्टर आठवतो. बुरींना हा अर्थ मान्य नव्हता. आपल्याला जे सांगायचं आहे ते चित्रातच आहे, अशी त्यांची भूमिका होती. ती मान्य करून पाहिलं की नजर दुसरीकडे वळते: तागाच्या सैल-घट्ट विणीकडे, ताणलेल्या कापडाच्या सुरकुतीकडे, एका ठिगळाने तोललेल्या मोठ्या मोकळ्या जागेकडे. रंगसंगती इतकी जपून साधलेली आहे की हे गोणपाट आहे याचा क्षणभर विसर पडतो.

पोत्यांवर ते थांबले नाहीत. लाकडाचे पातळ पापुद्रे त्यांनी जाळले, लोखंडाचे पत्रे वेल्डिंगने जोडले. १९६०च्या दशकात चौकटीवर प्लास्टिक ताणून त्यावर गॅसची ज्योत धरली. प्लास्टिक आकसतं, काळवंडतं, त्याला भोक पडतं आणि बघता बघता ते पसरतं. ज्योत कधी मागे घ्यायची, हाच इथे कुंचल्याचा फटकारा. क्षणभर उशीर झाला तर चित्र हातचं गेलं.

१९७०च्या दशकातल्या ‘क्रेत्ती’ म्हणजे भेगा. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीची तडकलेली जमीन त्यांनी पाहिली होती. वैशाखात भेगाळलेलं काळं रान ज्याने पाहिलं आहे, त्या मराठी वाचकाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. जस्ताचा पांढरा रंग आणि फेविकॉलच्या जातीचा गोंद यांचा लगदा ते फळीवर थापत. थर जाड तिथे भेग रुंद आणि खोल, पातळ तिथे बारीक जाळी. सुकताना तडे कुठे जातील हे थराच्या जाडीवरून बरंचसं ठरवता येई. बाकीचं काम वाळणाऱ्या मातीसारखं आपलं आपण होई. भेगा हव्या तितक्या उमटल्या की वरून गोंदाचा हात देऊन त्या पक्क्या करायच्या.

या तंत्राचा सगळ्यात मोठा आविष्कार मात्र भिंतीवर टांगता येत नाही. जानेवारी १९६८च्या भूकंपात सिसिलीतलं गिबेलिना हे गाव जमीनदोस्त झालं. लोकांसाठी नवं गाव काही अंतरावर वसवण्यात आलं आणि तिथे काम करण्यासाठी महापौर लुदोविको कोराओ यांनी कलावंतांना बोलावलं. बुरी आले, पण त्यांनी जागा निवडली ती जुन्या गावाच्या ढिगाऱ्याची. तो ढिगारा दाबून बसवला आणि त्यावर पांढऱ्या सिमेंटचं काँक्रीट ओतलं. जुन्या गल्ल्यांची साधारण आखणी मागे राहिली, ती भेगांच्या रूपात. माणसाच्या छातीपर्यंत येणाऱ्या या ठोकळ्यांमधून आजही चालता येतं.

१९८०च्या दशकात सुरू झालेलं हे काम १९८९ मध्ये अर्धवट थांबलं. १९९५ साली बुरी गेले. उरलेला भाग पुरा झाला तो २०१५ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला. तेव्हा जुनं काँक्रीट ऊनपावसाने करडं पडलं होतं, आणि त्याला लागून नवं काँक्रीट लख्ख पांढरं दिसत होतं.