टिळकांची भजनं ऐकलीत का?

कोल्हापूरच्या वायल्डर मेमोरियल चर्चवरून तुम्ही कैकदा गेला असाल. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. पण मला सांगायचंय ते इथल्या मराठी उपासनेतल्या गाण्याबद्दल.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्तभक्ती थेट अभंग-ओवीत आणली. पेटी-तबला, टाळ, भजनी ठेका. ध्रुपद एकानं उचलायचं, मागून सगळ्यांनी झेलायचं. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची गीतं आजही आहेत. माझ्या मते मराठी भक्तिसंगीताची चर्चा त्यांच्याशिवाय अपुरीच.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई! नवऱ्याच्या धर्मांतरानं कोसळलेली ही बाई पुढे स्वतः ख्रिस्ती झाली. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात तब्बल ६४ अध्यायांची भर घातली. केवढी ही निष्ठा!

तुमच्या घरात कुणाला या भजनांच्या जुन्या चाली येत असतील तर मोबाईलवर आजच रेकॉर्ड करून ठेवा.