रात्रपाळीची अमांडा

१९९०च्या सुमारास विद्यापीठांच्या संगणक विभागांत बॅकअप हे सगळ्यात कंटाळवाणे काम होते. युनिक्सवर ‘डम्प’ ही आज्ञा होती: पातळी ० म्हणजे सगळी फाईलसिस्टीम, १ ते ९ म्हणजे त्याआधीच्या खालच्या पातळीनंतर जे बदलले तेवढेच. पण यंत्रे शांत असतात रात्री, आणि टेप बदलायला रात्री बसणार कोण? एक्झाबाइट कंपनीची ८ मिलिमीटरची टेप आली, एका कॅसेटमध्ये दोन गिगाबाइटपेक्षा जास्त मावू लागले, तेव्हा माणसाला घरी जाता आले. मात्र जाळ्यावरची यंत्रे एकामागून एक टेपवर उतरवायला रात्र पुरेना.

मेरीलँड विद्यापीठात, कॉलेज पार्कला, जेम्स दा सिल्व्हा आणि सहकाऱ्यांनी यावर ‘अमांडा’ ही प्रणाली लिहिली. मध्ये एक मोठी डिस्क ठेवायची. अनेक यंत्रांचे डम्प एकाच वेळी तिच्यावर येऊन पडतात आणि तिथून एकेक करून टेपवर जातात. यात वेळ तर वाचतोच, शिवाय टेप अखंड धावते. माहिती उशिरा आली की तिला थांबून मागे यावे लागते, पुन्हा वेग घ्यावा लागतो; त्यात टेप आणि ड्राइव्ह दोन्ही झिजतात.

आज कुणाचा पूर्ण बॅकअप घ्यायचा हेही अमांडाच ठरवते. प्रत्येक यंत्राला आधी अंदाज विचारते आणि ठरलेल्या मुदतीत सगळ्यांचा पूर्ण बॅकअप होईल, पण एकाच रात्री ढीग साचणार नाही, अशी वाटणी करते.

माझ्या मते तिची खरी हुशारी माणसाच्या विसराळूपणात दिसते. तिच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुना वेळापत्रकात दुपारी ४ वाजता तपासणी आहे आणि मुख्य काम मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता. दुपारी टेप नसेल किंवा चुकीची असेल तर ऑपरेटरला मेल जातो. सगळे ठीक असेल तर काहीच येत नाही. तरीही कुणी टेप लावलीच नाही, तर ती हात वर करत नाही. सहसा पूर्ण बॅकअप बाजूला ठेवून फक्त बदललेल्या फायली त्या मधल्या डिस्कवर साठवते. सकाळी टेप लावून त्या उतरवायच्या. आणि पाळी न आलेल्या टेपवर ती लिहीत नाही, म्हणजे परवाचा चांगला बॅकअप घाईत पुसला जात नाही.

एक गोष्ट मात्र तिच्या हाती नाही. १९९१ साली एलिझाबेथ झ्विकी यांनी डम्प, टार, सीपीआयओ अशा आज्ञांना आडमुठ्या फायली खाऊ घातल्या: लांबलचक नावांच्या, मध्ये पोकळ्या असलेल्या, नक्कल होत असतानाच बदलणाऱ्या. त्यात अनेक आज्ञा घसरल्या, काही तर चकार शब्द न काढता. अमांडा काम करून घेते ते अशाच आज्ञांकडून. त्यामुळे सकाळी ‘सर्व यशस्वी’ असा अहवाल आला तरी फाईल परत काढून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

ती परत काढायला अमांडा हवीच असे नाही. टेपवरच्या प्रत्येक बॅकअपच्या आधी ३२ किलोबाइटचा एक मथळा असतो: यंत्राचे नाव, तारीख, पातळी, आणि हा बॅकअप कोणत्या साध्या युनिक्स आज्ञेने उलगडायचा तेही, वाचता येईल अशा अक्षरांत.