हेडफोन भारी, पण आवाज दबका? आधी अ‍ॅम्प्लिफायरचं गणित समजून घ्या

मोठ्या हौसेनं तुम्ही एक चांगला हेडफोन घेतला. स्टुडिओत वापरतात तसला, मोठ्या मऊ गाद्यांचा. घरी आणून फोनला लावला, व्हॉल्यूम शेवटच्या टोकापर्यंत नेला आणि गाणं मात्र शेजारच्या खोलीत लागल्यासारखं वाटलं. पैसे वाया गेले, अशी चुटपुट लागते. पण थांबा. दोष बहुधा हेडफोनचा नसतो.

आमच्या इंदूरच्या घरी नेमकं हेच झालं. बाबांच्या पंचाहत्तरीला सगळ्यांनी मिळून त्यांना ३०० ओहमचा हेडफोन दिला. बाबांनी पंडित भीमसेन जोशींचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं, दहा मिनिटं ऐकलं आणि हेडफोन हळूच काढून ठेवला. म्हणाले, "वस्तू चांगलीच असेल गं, माझेच कान गेलेत आता." पुढचे दोन महिने तो हेडफोन डब्यातच राहिला. त्या डब्यावर छापलेला '३००' हा आकडा आमच्यापैकी एकानंही नीट वाचला नव्हता.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

ओहम म्हणजे नेमकं काय?

हेडफोनच्या आत तारेचं एक बारीक वेटोळं असतं. त्यातून वीज वाहते, वेटोळं थरथरतं, त्याला जोडलेला पडदा हलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. हे वेटोळं विजेला जेवढा अडथळा करतं, त्याला इम्पीडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. फोनसोबत वापरायचे साधे हेडफोन १६ ते ३२ ओहमच्या आसपास असतात. सेनहायझरचा १९९७ साली आलेला आणि आजही विकला जाणारा एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमचा मिळतो, तर त्याच कंपनीच्या डीटी ८८० ची एक आवृत्ती चक्क ६०० ओहमची आहे.

मग असे अवघड हेडफोन बनवतातच कशाला? कारण जास्त ओहमसाठी वेटोळ्याची तार केसासारखी बारीक घेता येते. ते हलकं राहतं आणि त्याचे वेढेही दाट बसतात. शिवाय स्टुडिओत एकाच अ‍ॅम्प्लिफायरला अनेक हेडफोन जोडले, तरी त्याच्यावर फार भार येत नाही.

गच्चीवरची टाकी आठवा

हे समजायला सोपं उदाहरण आपल्या घरातच आहे. नळाला पाणी येण्यासाठी दोन गोष्टी लागतात, पाण्याचा दाब आणि पाण्याचं प्रमाण. विजेत दाब म्हणजे व्होल्ट आणि वाहणारं प्रमाण म्हणजे करंट. जास्त ओहमचा हेडफोन म्हणजे अरुंद तोटीचा नळ. त्याला पाणी थोडंच लागतं, पण दाब भरपूर लागतो. फोनची टाकी असते बुटकी. फोनच्या किंवा साध्या डाँगलच्या हेडफोन जॅकमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. ३२ ओहमच्या हेडफोनला तेवढा पुरतो, ३०० ओहमचा मात्र तहानलेला राहतो.

अ‍ॅम्प्लिफायरचं काम एवढंच, टाकी उंच करायची.

डब्यावरचे दोन आकडे वाचा

नुसत्या ओहमवरून निर्णय घेऊ नका. शेजारीच दुसरा आकडा असतो, संवेदनशीलतेचा. एक मिलिवॉट वीज दिल्यावर हेडफोन किती डेसिबल आवाज देतो, ते तो सांगतो. संगीतातला एखादा जोरकस क्षण, म्हणजे तबल्याची थाप किंवा समेवरचा जोर, न फाटता ऐकू यावा म्हणून तेवढ्या क्षणापुरती ११० डेसिबलची तयारी ठेवावी, असा हिशोब धरू. लक्षात घ्या, ही क्षणिक टोकाची पातळी आहे, सतत ऐकायची नाही. आता किती व्होल्ट लागतात ते बघा.

३२ ओहम, १०० डेसिबल : साधारण ०.६ व्होल्ट.
२५० ओहम, ९६ डेसिबल : साधारण २.५ व्होल्ट.
३०० ओहम, ९७ डेसिबल : साधारण २.५ व्होल्ट.
६०० ओहम, ९६ डेसिबल : साधारण ३.९ व्होल्ट.

आता गंमत अशी की, याच ३०० ओहमच्या हेडफोनला फोननं एक व्होल्ट दिला, तरी टोकाचा आवाज १०२ डेसिबलपर्यंत जातो. म्हणूनच आजची सिनेमातली गाणी त्यावर बरी वाजतात. ती मुळात चढ्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली असतात आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास एकाच पातळीवर राहतात. शास्त्रीय गाण्याचं तसं नसतं. आलापीचा आवाज टोकाच्या आवाजापेक्षा २०-२५ डेसिबलनं सहज खाली असतो. म्हणजे फोनवर नातवाचं गाणं ठणठणीत आणि आजोबांचा आलाप पुसट, असं एकाच हेडफोनवर घडू शकतं. बाबांच्या बाबतीत तेच झालं होतं.

तेव्हा पहिला नियम. तुम्ही जे ऐकता, ते फोनवर व्हॉल्यूम ७०-८० टक्क्यांवर असतानाच पुरेसं आणि स्वच्छ ऐकू येत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर घेऊच नका. ते पैसे वाचवा.

याची दुसरी बाजूही आहे. हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, पण त्याची संवेदनशीलता ८३.५ डेसिबल. आकड्यानं साधा दिसणारा हा हेडफोन ३०० ओहमवाल्यापेक्षा कितीतरी जास्त वीज मागतो. त्याला दाबही हवा आणि पाण्याचा लोंढाही. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे.

'१२५ मिलिवॉट'ला भुलू नका

अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत ताकदीचा मोठा आकडा ठळक छापतात. तो किती ओहमला मोजला, हे मात्र बारीक अक्षरात असतं. जास्तीत जास्त २ व्होल्ट देणारा अ‍ॅम्प ३२ ओहमला १२५ मिलिवॉट देतो. तोच अ‍ॅम्प ३०० ओहमला देतो जेमतेम १३ मिलिवॉट. त्यामुळे दुकानदाराला सरळ विचारा, "३०० ओहमला किती मिलिवॉट?" किंवा "जास्तीत जास्त किती व्होल्ट?" उत्तर मिळालं नाही, तर ती वस्तू तिथेच ठेवा.

ढोबळ हिशोब असा. २५० ते ३०० ओहमसाठी ३ ते ४ व्होल्ट, म्हणजे ३०० ओहमला ३० ते ५० मिलिवॉट देणारा अ‍ॅम्प भरपूर झाला. ६०० ओहमसाठी ५ व्होल्टच्या आसपास बघा. व्होल्ट दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलनंच वाढतो. म्हणून 'दहापट ताकद' ऐकून हुरळून जाऊ नका, तुमच्या कानांना तो आवाज साधारण दुप्पटच वाटतो.

आणखी एक आकडा तपासा, अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा, असा रूढ नियम आहे. ३०० ओहमला ३७ ओहमपर्यंत चालतं. पण घरात ३२ ओहमचा हेडफोनही तोच अ‍ॅम्प वापरणार असेल, तर ४ ओहमच्या आतच हवा. नाहीतर काही हेडफोनमध्ये खालचे सूर फुगतात.

कोणता प्रकार तुमच्यासाठी?

डाँगल : बोटाएवढी वस्तू, फोनच्या यूएसबी-सीला लागते. साध्या जॅकमधून बहुतेक चांगले डाँगल २ व्होल्ट देतात, तर ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक असलेले ४ व्होल्टपर्यंत जातात. मात्र बॅलन्स्ड जॅकसाठी तुमच्या हेडफोनची वायरही तशीच हवी, तिचा खर्च आधीच धरा. डाँगल फोनची बॅटरी खातो, हेही ध्यानात ठेवा.

बॅटरीचा पोर्टेबल अ‍ॅम्प : फोनच्या बॅटरीवर भार पडत नाही. काहींना ब्लूटूथही असतं. झोपाळ्यावर बसून ऐकणाऱ्यांसाठी सोयीचा.

टेबलावरचा अ‍ॅम्प : एकाच जागी बसून ऐकणार असाल, तर पैशाच्या मानानं सगळ्यात फायद्याचा. फक्त एक गोष्ट विचारून घ्या. फोन किंवा संगणकातलं डिजिटल गाणं विजेच्या लहरींत बदलणारा डॅक त्यात आहे का? नसेल, तर तो वेगळा घ्यावा लागेल.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प : आजोबांच्या रेडिओत लुकलुकायचे तेच व्हॉल्व्ह. यातल्या ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जातीचं जास्त ओहमच्या हेडफोनशी छान जमतं, कमी ओहमशी मात्र अजिबात नाही. दिसतात देखणे, पण तापतात आणि आत धोकादायक दाबाची वीज असते. घरात लहान मूल असेल, तर हा मोह आवरा.

महाग म्हणजे चांगलं, असंही नाही. २०११ साली एका अभियंत्यानं खरं नाव न सांगता 'ऑब्जेक्टिव्ह टू' नावाच्या अ‍ॅम्पचा आराखडा इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. साध्या, स्वस्त भागांतून बनणारा तो अ‍ॅम्प मोजमापात बड्या किमतीच्या यंत्रांच्या तोडीस तोड उतरला. आधी हेडफोन चांगला घ्या, अ‍ॅम्पवर गरजेपुरतंच खर्च करा.

दुकानात एवढं कराच

० हेडफोन स्वतःचाच न्या आणि तुमच्या आवडीचं, हळू आवाजातलं ध्वनिमुद्रण लावा. मागचा तानपुरा सुटा सुटा ऐकू येतो का, बघा.

० गाणं थांबवून हेडफोन कानापासून थोडा दूर धरा आणि व्हॉल्यूम वाढवा. सूं-सूं किंवा घुंsss असा आवाज येऊ नये. तपासून झालं की व्हॉल्यूम लगेच शून्यावर आणा.

० अगदी कमी व्हॉल्यूमवर डावा-उजवा आवाज सारखा आहे का, तपासा. काही अ‍ॅम्पमध्ये खाली एक बाजू मंद होते.

० दोन अ‍ॅम्पची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जरा मोठा वाजणारा अ‍ॅम्प आपल्याला नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो, ही कानांची जुनी खोड आहे.

० परदेशातून मागवणार असाल, तर त्याचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टवर चालतो ना, हे पाहा. अमेरिकेतले काही अ‍ॅम्प फक्त १२० व्होल्टचे असतात. आपल्या प्लगमध्ये घातले की कामातून गेले.

० तुमच्या हेडफोनची पिन ६.३५ मिलिमीटरची आहे की ३.५ ची, बघून ठेवा आणि त्याप्रमाणे जोडणी घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं

ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर घरात आला की फोनचा 'आवाज फार मोठा आहे' हा इशारा विश्वासाचा राहत नाही. पुढे जोडलेला अ‍ॅम्प आवाज किती वाढवतो, हे फोनला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्यांनी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल. आवाज ९० डेसिबलवर गेला, तर आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. म्हणून गेनचं बटण आधी 'लो'वर ठेवा, व्हॉल्यूम शून्यावर आणा, मगच हेडफोन कानावर चढवा. आणि मुलांच्या इअरफोनसाठी हा अ‍ॅम्प नकोच.

अ‍ॅम्प लावूनही घरातल्या ज्येष्ठांना नीट ऐकू येत नसेल, तर व्हॉल्यूम वाढवत बसू नका. कानांची ऑडिओमेट्री करून घ्या. साधी, न दुखणारी तपासणी असते.

आम्ही बाबांसाठी शेवटी टेबलावरचा एक छोटा अ‍ॅम्प घेतला. तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तानपुरा आहे की रे यात!" त्याच आठवड्यात त्यांची ऑडिओमेट्रीही झाली. अगदी वरच्या पट्टीचे आवाज त्यांना थोडे कमी ऐकू येतात, असं निघालं. म्हणजे बाबांचं म्हणणं थोडं खरं होतं, पण थोडंच. उरलेला दोष त्या एका व्होल्टचा होता. नुसत्या आकड्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे एक माणूस दोन महिने स्वतःला बहिरं समजत होता, ही गोष्ट आम्हाला अजून खुपते.

आता दुपारी चहाच्या आधी बाबांची बैठक असते. आईनं अ‍ॅम्पच्या बटणाशेजारी आपली एक लाल टिकली चिकटवून ठेवली आहे. व्हॉल्यूम तिथपर्यंतच न्यायचा, पुढे नाही. तुम्हीही नवा अ‍ॅम्प घरी आणलात, की पहिल्याच दिवशी एक टिकली लावून टाका.