साखरेचे काळे मणी

शेगडीवर साखरेचें पातेलें विसरून राहिलें म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. साखर वितळते, तांबूस होते आणि अखेरीस बुडाशीं फसफसून फुगलेला कोळसा तेवढा उरतो. साखरेंत कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन हीं मूलद्रव्यें असतात. पैकीं शेवटचीं दोन मुख्यतः वाफ होऊन जातात. हाच कोळसा विजेच्या घटांत कामास येतो, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल.

खिशांतील फोनच्या घटांत लिथियमचे विद्युद्भारित कण ग्राफाइटच्या थरांमध्यें जाऊन बसतात. लिथियम महाग, सोडियम तर मिठांतच आहे. पण ग्राफाइट सोडियमला जवळजवळ थाराच देत नाहीं. सोडियमचा कण मोठा म्हणून, असें म्हणावें तर त्याहून मोठा पोटॅशियमचा कण तेथें खुशाल शिरतो! इ. स. २००० मध्यें कॅनडांतील स्टीव्हन्स व डान यांनीं ग्लुकोजच्या कोळशांत सोडियम सांठवून दाखविलें: दर ग्रॅमास सुमारें ३०० मिलिअँपिअर-तास. या कोळशाचे थर वेडेवांकडे असून मध्यें सूक्ष्म पोकळ्या असतात.

आतां मणी कसे होतात तें पाहूं. टेफ्लॉनचें अस्तर असलेल्या पोलादी भांड्यांत ग्लुकोजचें पाणी कोंडून तें १६० ते १८० अंश सेंटिग्रेडवर कांहीं तास ठेवितात. दाबामुळें पाणी उकळून जात नाहीं. ग्लुकोजचे रेणू परस्परांस जोडले जाऊन पाण्यांत न विरघळणारे कण बनतात आणि पाण्यांत ढवळलेल्या तेलाच्या थेंबांप्रमाणें ते वाटोळे होतात. चीनमधील सुन व ली यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें मिलिमीटरच्या पांच हजाराव्या हिश्शाएवढेही मणी मिळतात. वेळ वाढविला कीं मणी वाढतो. (घरच्या कुकरवर हा प्रयोग कोणीं करूं नये, तो एवढ्या दाबासाठीं नसतो.) पुढें हे मणी निर्वात किंवा निष्क्रिय वायूच्या भट्टींत सुमारें हजार अंशांवर किंवा त्याहूनही अधिक तापवितात. हवा शिरली कीं सारा खटाटोप राखेसही उरत नाहीं.

एवढा खटाटोप आकारासाठीं कां? मोहरीसारखे मणी दाटीनें बसतात व धातूच्या पातळ पत्र्यावर त्यांचा लेप सारखा पसरतो. शिवाय गोलाचा पृष्ठभाग सर्वांत कमी. पहिल्यानें घट भरतांना याच पृष्ठभागावर द्रावणाचें विघटन होऊन पापुद्रा धरतो आणि त्यांत कांहीं सोडियम कायमचें खर्ची पडतें.

उलट, विजेचा भार नुसता पृष्ठभागावरच धरणाऱ्या संग्राहकास पृष्ठभाग हवा तितका थोडाच! त्यासाठीं हेच मणी दाहक पोटॅशबरोबर तापवून मुद्दाम सच्छिद्र करितात.