‘शुगर बॉर्डरवर आहे’ म्हणून गप्प बसायचे काय?

जालना जिल्ह्यात कोठेही रक्ततपासणीचे शिबिर झाले, की संध्याकाळी टपरीवर एक वाक्य हमखास कानावर येते : ‘काही नाही, शुगर बॉर्डरवर आहे.’ सांगणारा हसून सांगतो, ऐकणाराही फारसे मनावर घेत नाही. शिबिर घेणारे फोटो काढून निघून जातात आणि ती चिठ्ठी खिशातच धुतली जाते. अंबड असो की मंठा, भोकरदन असो की घनसावंगी, हीच तऱ्हा! या ‘काही नाही’मध्येच आमच्या समाजाचे फार मोठे नुकसान दडलेले आहे, म्हणून आज हा विषय आम्ही चळवळीच्या वाचकांपुढे मांडत आहोत.

आधी ‘बॉर्डर’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. रात्रभर उपाशी राहून सकाळी तपासलेली साखर एक डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावी. ती १०० ते १२५ असेल तर ती बॉर्डर. जागतिक आरोग्य संघटना ही मोजणी ११० पासून करते. १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह. ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० ते १९९ आले तर बॉर्डर, २०० पासून मधुमेह. तीन महिन्यांचा अंदाज सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ५.७ ते ६.४ टक्के दाखवीत असेल तर तीही बॉर्डरच. शिबिरात बोटाला टोचून, जेवला की उपाशी हे न विचारता जो आकडा सांगतात, त्यावरून आजार ठरत नाही. तो फक्त दवाखान्यात जाऊन नीट तपासून घेण्याचा इशारा असतो. डॉक्टर या अवस्थेला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. तिच्यात बहुधा काहीच दुखत-खुपत नाही आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो.

‘साखरेचा आजार शेठ-सावकारांचा, आपण कष्टाची माणसे, आपल्याला कसला होतो?’ असे आमचे बांधव अजूनही म्हणतात. हा समज आता आकड्यांनीच खोटा ठरवला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे महाराष्ट्राविषयीचे निष्कर्ष २०११ साली आले. तेव्हा राज्यातील ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला आणि १२.८ टक्के प्रौढ बॉर्डरवर आढळले. म्हणजे आजाऱ्यांपेक्षा उंबरठ्यावर उभे असलेलेच अधिक! २०२३ साली याच पाहणीने देशातील बॉर्डरवरच्या माणसांची संख्या १३ कोटी ६० लाख सांगितली. त्याहून महत्त्वाची गोष्ट २०१७ साली पुढे आली. महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंदीगड यांच्या शहरी भागांत मधुमेहाचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा गरिबांत जास्त निघाले. शेठजीच्या घरचा आजार आता झोपडपट्टीत मुक्कामाला आला आहे. शेठजीकडे डॉक्टर आहे, आहारतज्ज्ञ आहे, सकाळी फिरायला वेळ आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या कंत्राटी कामगाराकडे यातले काय आहे?

गरिबाला हा आजार का होतो, याचे एक उत्तर त्याच्या आईच्या उपासमारीत आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाची कोंडी झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेली मुले पन्नाशीला आल्यावर तपासली, तेव्हा ग्लुकोज पचविण्याची त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी आढळली. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. आमच्या महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील बाळे ३.५ किलोची. पण आमच्या बाळांचे जे कमी होते ते प्रामुख्याने स्नायू आणि अवयव, चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. दिसायला हडकुळे, आतून चरबीचे! अशा शरीराला पुढे बैठे काम आणि सुटलेले पोट फार लवकर बाधते. म्हणूनच भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर झाला की धोका धरतात.

आता १९७२ चा दुष्काळ आठवा. मराठवाडा होरपळला. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतील आयाबहिणींनी पोटूशी असताना खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्यांच्या पोटी तेव्हा जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी गेल्या, त्यांची पोरे थोडी सुस्थिर होताच साखरेच्या विळख्यात सापडावीत, याला नशीब म्हणायचे की व्यवस्थेने शरीरावर लिहून ठेवलेला अन्याय?

त्यात खाणे बदलले, कामही बदलले. बाबासाहेबांच्या पुण्याईने आमची मुले शिकली, कारकून झाली, शिक्षक झाली. कोणी रिक्षा चालवतो, कोणी बँकेच्या दारात पहारा देतो. नांगर आणि कुऱ्हाड सुटली याचा आम्हाला आनंदच आहे. पण शरीराचे हलणेही सुटले. राशनवर प्रामुख्याने गहू आणि तांदूळ येतो. डाळ, शेंगदाणे, पालेभाजी विकत घ्यायची तर खिसा रिकामा. मग ताटात भाताचा ढीग आणि पातळ वरण. ज्वारीची भाकरी खाल्ली की साखर वाढतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. भाकरीलाही माप हवे आणि तिच्याबरोबर डाळ-उसळ, भाजी हवी.

या उंबरठ्यावरून माघारी फिरता येते, ही सर्वात मोठी गोष्ट. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा जुजबी सल्ला दिला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह जडला. ज्यांच्या मागे लागून आहार आणि चालणे सुधारून घेतले, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर आले. रोज अर्धा तास झपझप चालणे आणि ताटाला शिस्त लावणे, याला पैसा लागत नाही, पाठपुरावा लागतो.

आणि ताटाची शिस्त आम्हा बौद्धांना परकी आहे काय? संयुत्त निकायात कोसलच्या राजा प्रसेनजिताची कथा आहे. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मिताहाराचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणायला सांगितले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. नवस नाही, गंडा नाही, दोरा नाही. उपदेश, आठवण करून देणारा सोबती आणि रोजचा सराव. आजचे डॉक्टर वेगळे काय सांगतात?

परंतु सारा भार व्यक्तीवर टाकून सरकारला मोकळे सोडायला आम्ही तयार नाही. संविधानाचे कलम ४७ सांगते, की जनतेचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. सरकारी दवाखान्यांनी परत पाठविलेल्या पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बजावले, की पैशाची सबब सांगून सरकारला वैद्यकीय सेवेची जबाबदारी झटकता येणार नाही. कार्यक्रमही कागदावर आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी व्हावी, आशाताईने घरोघरी जाऊन वय, कमरेचा घेर, तंबाखू-दारू, हालचाल आणि घरातला आजार यांची नोंद करावी, असे ठरलेले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केलेले आहेत. मग आपल्या वस्तीत हे घडते की नाही, हे विचारणार कोण?

विचारण्याचे हत्यार आपल्या हातात आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ६, दहा रुपयांचा अर्ज. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारा : तिशीवरील किती जणांची साखर तपासली? किती जण बॉर्डरवर निघाले? त्यांच्यापैकी किती जणांना पुन्हा बोलावले? तपासणीच्या पट्ट्या आणि गोळ्या किती महिने संपलेल्या होत्या? तीस दिवसांत उत्तर द्यावेच लागते. मात्र अर्जात आकडेवारीच मागा, कोणाची नावे मागू नका. दुसऱ्याचा आजार ही त्याची खासगी बाब आहे.

बाबासाहेबांना १९४८ च्या सुमारास मधुमेहाने पुरते घेरले होते. पाय दुखत, झोप लागत नसे. त्याच शरीराने त्यांनी संविधान सभेत मसुद्याची बाजू लढविली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. धम्मदीक्षेनंतर त्यांना दोन महिनेही मिळाले नाहीत. आणखी दहा वर्षे ते लाभते तर या देशाचे चित्र काय असते, याची हळहळ आम्ही दरवर्षी चैत्यभूमीवर करतो. मग आपले कार्यकर्ते ऐन पन्नाशीत डोळे, मूत्रपिंड आणि पाय गमावून बसतात, तेव्हा आपण हारतुरे घेऊन फक्त अंत्ययात्रेलाच जायचे काय?

जालना जिल्ह्यातील प्रत्येक बुद्धविहाराने एक वही घालावी. संमती देणाऱ्यांचीच नोंद करावी आणि ती वही कुलपात ठेवावी. जो बॉर्डरवर आहे त्याला दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर विचारावे : चाललास का, वजन किती, पुढची तपासणी कधी? किमान वर्षातून एकदा त्याला दवाखान्यात नेऊन तपासून आणावे. विहारातल्या चहाची साखर आधी निम्मी करावी. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी झाला तरी त्यातून वजनकाटा आणि मोजपट्टी येते. ती विहारात आणा, कामाला लागा. जयभीम!